मधाच्या चाचणीपासून प्रथिनाच्या आकारापर्यंत : एनएमआर तंत्र आणि संरचनात्मक जीनोमिकी



'एनएमआर' हा शब्द आपल्यापैकी बहुतेकांच्या कानांवर प्रथम आला तो मधामुळे. डिसेंबर २०२० मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने बाजारातील १३ छापांचा मध तपासून घेतला. नेहमीच्या चाचण्यांत उत्तीर्ण झालेले अनेक नमुने जर्मनीतील एका प्रयोगशाळेच्या एनएमआर चाचणीत अनुत्तीर्ण ठरले आणि केवळ ३ छाप सर्व कसोट्यांस उतरले, असे त्या संस्थेने जाहीर केले. संबंधित कंपन्यांनी तो निष्कर्ष नाकारला. त्या वादात येथे शिरावयाचे नाही. मात्र अनुपान म्हणून रोज मधाची चिठ्ठी लिहिणाऱ्या आम्हां वैद्यांना आणि अवलेह बनविणाऱ्या फार्मसीमालकांना 'हे यंत्र आहे तरी काय?' असा प्रश्न तेव्हा पडला होता, एवढे खरे.

त्यानंतर एका वेगळ्याच निमित्ताने हा शब्द आमच्यासमोर पुन्हा आला. एका औषधनिर्मात्या संस्थेचा प्रतिनिधी आमच्या चिकित्सालयात एक देखणे रंगीत पत्रक ठेवून गेला. त्यावर निळ्या-हिरव्या फितींची वेटोळी असलेले एका प्रथिनाचे चित्र होते. त्या वेटोळ्यांच्या खोबणीत एका वनस्पतीतील घटक चपखल बसलेला दाखविला होता आणि खाली 'जनुकीय पातळीवर सिद्ध, मधुमेहावर' असे छापले होते. चित्र आम्हांलाही आवडले. पत्रक टेबलावर राहिले. आमच्याकडे नियमित येणाऱ्या, आधुनिक औषधांवर रक्तशर्करा नीट आटोक्यात असलेल्या एका निवृत्त शिक्षकांनी ते वाचले आणि आम्हांस काहीही न विचारता आपल्या गोळ्या निम्म्या केल्या. 'तुमच्याच टेबलावर होतं ना, डॉक्टर,' असे ते दीड महिन्याने म्हणाले, तेव्हा उपाशीपोटीची शर्करा अडीचशेच्या वर गेली होती. सुदैवाने पुढे सारे सावरले. परंतु त्या वाक्याला आमच्याजवळ उत्तर नव्हते. ते चित्र कोठून आले, ते खरे की कल्पित आणि त्यावरून काय सिद्ध होते, हे आम्हांलाच ठाऊक नव्हते. ते समजून घेण्यासाठी जे वाचन केले, जाणकारांना जे विचारले, त्याचे सार येथे मांडीत आहोत.

नावाची भीती आणि तत्त्व

एनएमआर म्हणजे अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदन. नावात अणुकेंद्र असले तरी किरणोत्सर्गाशी त्याचा काडीमात्र संबंध नाही. आपण रुग्णांना ज्या एमआरआय तपासणीस पाठवितो तिचे तत्त्व हेच आहे. रुग्ण घाबरू नयेत म्हणून तेथे 'न्यूक्लिअर' हा शब्द गाळण्यात आला, इतकेच. इसिडोर राबी यांनी १९३८ साली रेणूंच्या झोतात हे अनुस्पंदन प्रथम पाहिले. १९४५-४६ मध्ये फेलिक्स ब्लॉख आणि एडवर्ड पर्सेल यांनी स्वतंत्रपणे ते द्रव-घन पदार्थांत दाखवून दिले आणि १९५२ चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक या दोघांस मिळाले.

हायड्रोजनच्या अणूचे केंद्रक हे एक सूक्ष्म चुंबक असते. प्रबळ चुंबकीय क्षेत्रात ठेवले की अशी केंद्रके क्षेत्राच्या दिशेने किंवा तिच्या विरुद्ध उभी राहतात आणि योग्य कंप्रतेची रेडिओ लहर मिळाली की एका स्थितीतून दुसरीत उडी घेतात. गंमत अशी की, दोन्ही स्थितींतील संख्या जवळजवळ समसमान असते. १४.१ टेस्लाच्या चुंबकातही दर लाखामागे जेमतेम पाच केंद्रकांचे आधिक्य असते आणि सारा संकेत मिळतो तो या मूठभर आधिक्यातून. म्हणूनच चुंबक अवाढव्य लागतो. १४.१ टेस्ला म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या दोन ते तीन लाख पट. अशा चुंबकाची तार उणे २६९ अंश सेल्सिअसच्या द्रव हेलियमात बुडवून ठेवावी लागते आणि त्याभोवती द्रव नायट्रोजनचे वेष्टन असते. हेलियम वेळच्या वेळी भरले नाही तर काही कोटींचे यंत्र निकामी होण्याची वेळ येते. प्रयोगशाळा चालविणाऱ्यांची निम्मी चिंता तीच असते, असे एका तंत्रज्ञाने आम्हांस सांगितले.

आता मुख्य गोष्ट. सर्व हायड्रोजन केंद्रके सारखीच असली तरी प्रत्येकाच्या भोवतालचे इलेक्ट्रॉनांचे आवरण निराळे असते. एकाच साच्यातून ओतलेल्या शंभर घंटा शंभर देवळांत टांगाव्यात आणि गाभाऱ्याच्या बांधणीनुसार प्रत्येकीचा नाद किंचित वेगळा उमटावा, तसे येथे होते. नादातील हा फरक नोंदविणे म्हणजे एनएमआर वर्णपट घेणे. मधाच्या चाचणीत असा वर्णपट मधातील शर्करा आणि इतर लहान रेणूंचा मिळून एक ठसा म्हणून वापरला जातो. प्रथिनाच्या बाबतीत मात्र ठशावर भागत नाही. तेथे कोणती घंटा कोणत्या देवळातील, हे एकेक करून ओळखावे लागते.

जनुकाची अक्षरे आणि प्रथिनाचे रूप

मानवी जीनोमचा आराखडा २००१ साली प्रसिद्ध झाला, २००३ मध्ये तो पूर्ण झाल्याची घोषणा झाली आणि राहिलेल्या जागा भरून निघाल्या त्या २०२२ साली. मानवात प्रथिने घडविणारी जनुके सुमारे २०,००० आहेत. जनुक हे केवळ लिखित असते. त्या लेखनानुसार ॲमिनो आम्लांची साखळी तयार होते, ती साखळी विशिष्ट पद्धतीने दुमडते आणि त्या दुमडलेल्या रूपातच प्रथिन आपले कर्म करते. पाककृती वाचून पदार्थाची चव कळत नाही, तसे जनुकाचा क्रम वाचून प्रथिनाचे कर्म नेहमी कळत नाही. नव्याने वाचलेल्या प्रत्येक जीनोममध्ये ज्यांचे कर्म मुळीच ठाऊक नाही अशी असंख्य प्रथिने निघाली.

यातूनच १९९० च्या दशकाच्या अखेरीस संरचनात्मक जीनोमिकी ही शाखा पुढे आली. पूर्वी एखाद्या प्रथिनाचे कर्म ठाऊक असे, त्यावर कोणीतरी आयुष्य वेचीत असे आणि शेवटी त्याची त्रिमितीय रचना सापडे. या शाखेने क्रम उलटा केला. जीनोमच्या यादीतून प्रथिनांच्या कुळांचे प्रतिनिधी निवडायचे, त्यांच्या रचना एकापाठोपाठ एक ठरवायच्या आणि रूपावरून कर्माचे अनुमान करायचे. अमेरिकेत २००० साली सुरू झालेला प्रोटीन स्ट्रक्चर इनिशिएटिव्ह, जपानमध्ये २००२ ते २००७ या काळात चाललेला प्रोटीन ३००० प्रकल्प, कॅनडातील टोरांटोचा गट हे या कामाचे मोठे केंद्रबिंदू होते.

येथे एक खुलासा आवश्यक वाटतो. आपल्या क्षेत्रात प्रकृती आणि जनुके यांच्या संबंधावर जे संशोधन झाले, उदाहरणार्थ पुण्याच्या भूषण पटवर्धन यांच्या गटाने २००५ साली प्रकृती आणि एचएलए जनुकांतील भेद यांची सांगड घालून पाहिली, ते वेगळ्या प्रकारचे आहे. तेथे व्यक्तीव्यक्तींमधील जनुकांचे भेद मोजले जातात. संरचनात्मक जीनोमिकीत व्यक्ती नसते, असते ते प्रथिनाचे रूप. 'जनुकीय' या एकाच विशेषणाखाली या दोन्ही गोष्टी खपविल्या जातात आणि आमच्यासारख्यांचा गोंधळ होतो.

रूपावरून कर्म कळते म्हणजे काय, याचे एक उदाहरण आम्हांला फार आवडले. १९९८ साली कॅलिफोर्नियात सुंग-हौ किम यांच्या गटाने मिथेन निर्माण करणाऱ्या एका सूक्ष्मजीवाचे एमजे०५७७ नावाचे प्रथिन घेतले. त्याचे कर्म कोणालाही माहीत नव्हते. क्ष-किरणांनी रचना काढली तेव्हा प्रथिनाच्या खोबणीत एटीपीचा रेणू बसलेला आढळला. तो कोणी मुद्दाम घातला नव्हता. ज्या जिवाणूत हे प्रथिन वाढविले, त्याच्याकडूनच ते प्रथिन तो रेणू घेऊन आले होते. त्यावरून हे प्रथिन एटीपीशी संबंधित कार्य करीत असावे असे अनुमान निघाले आणि पुढे रासायनिक चाचणीने त्यास पुष्टी मिळाली. चरकाचार्यांनी प्रत्यक्ष आणि अनुमान ही प्रमाणे वेगळी का मोजली, ते अशा वेळी समजते. खोबणीतील रेणू हे प्रत्यक्ष, कर्म हे अनुमान. त्या संशोधकांनी अनुमानाशी न थांबता चाचणी केली, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

नळीतील प्रथिन

प्रथिनाची रचना काढण्याचा जुना आणि आजही सर्वाधिक वापरला जाणारा मार्ग म्हणजे त्याचा स्फटिक करून त्यावर क्ष-किरण टाकणे. अडचण अशी की, प्रथिनांचे स्फटिक खडीसाखरेसारखे सहज जमत नाहीत. काही कधीच जमत नाहीत. एनएमआरला स्फटिक लागत नाही. प्रथिन पाण्यातच, म्हणजे शरीरातील स्थितीच्या पुष्कळ जवळच्या स्थितीत, तपासता येते.

प्रत्यक्ष पद्धत अशी. हवे ते जनुक ई. कोलाय जिवाणूत घालतात. त्या जिवाणूला नेहमीचे अन्न न देता, ज्यातील नायट्रोजन १५ भाराचा आणि कार्बन १३ भाराचा आहे असे अमोनियम क्लोराइड आणि ग्लुकोज देतात. हे भारी समस्थानिक किरणोत्सर्गी नव्हेत. निसर्गात नायट्रोजन-१५ शेकडा ०.३७ आणि कार्बन-१३ शेकडा १.१ इतकाच असतो, म्हणून तो मुद्दाम पुरवावा लागतो. असे ग्लुकोज बरेच महाग पडते. मग जिवाणू फोडून प्रथिन शुद्ध करावयाचे आणि पेन्सिलीहून बारीक अशा ५ मिलिमीटर व्यासाच्या काचेच्या नळीत अर्धा मिलिलिटर द्रावण घ्यावयाचे. त्यात प्रथिन असते काही मिलिग्रॅम, आपल्या एखाद्या गुंजेच्या तुलनेतही अल्पच.

पहिली चाचणी घेतात तिला एचएसक्यूसी म्हणतात. तिच्यात कागदावर ठिपके उमटतात आणि साखळीतील प्रत्येक ॲमिनो आम्लाच्या नायट्रोजन-हायड्रोजन जोडीस साधारणतः एक ठिपका मिळतो. प्रोलिनला तो हायड्रोजन नसल्याने ठिपका नाही. प्रथिन नीट दुमडलेले असेल तर ठिपके कागदभर विखुरतात. दुमडलेले नसेल तर मधोमध गर्दी करतात. पिंड होऊन बसले असेल तर ठिपके पसरट होतात किंवा नाहीसेच होतात. अर्ध्या-एक तासात मिळणाऱ्या या एका चित्रावरून पुढचे कित्येक महिने या प्रथिनावर घालवावेत की नाही, हे ठरते. नाडीपरीक्षेशी याची तुलना करण्याचा मोह आम्हांस झाला होता, पण तो आवरलेला बरा.

ठिपके ओळखून झाले की अंतरे मोजण्याचे काम सुरू होते. दोन हायड्रोजन केंद्रके परस्परांपासून सुमारे ५ अँगस्ट्रॉमच्या आत असली तर एकाचा परिणाम दुसऱ्यावर दिसतो. हा परिणाम अंतराच्या सहाव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात उतरतो, म्हणजे अंतर दुप्पट झाले की परिणाम चौसष्टावा हिस्सा राहतो. साखळीत दूरदूर असलेले दोन हायड्रोजन असा परिणाम दाखवू लागले, तर साखळी दुमडून ते शेजारी आले आहेत हे निश्चित झाले. अशा शेकडो, कधी हजारांहून अधिक अंतरांची जंत्री तयार होते.

त्या जंत्रीवरून आकार कसा निघतो? एस.टी. स्थानकावरील अंतरांचा तक्ता आठवावा. नकाशा नाही, फक्त कोणते गाव कोणत्या गावापासून किती लांब एवढेच ठाऊक आहे. पुरेशी अंतरे दिली तर कोरा कागद घेऊन जिल्ह्याचा नकाशा मांडता येतो. अडचण एकच, पूर्व-पश्चिम उलटसुलट झाले तरी अंतरे तीच राहतात. प्रथिनांच्या बाबतीत ही अडचण सुटते, कारण त्यांतील ॲमिनो आम्ले निसर्गतः एकाच हाताची, म्हणजे वामावर्त जातीची असतात आणि आरशातील उलटा आकार त्यावरून बाद होतो. संगणकाने मांडलेला आकार एकच नसतो. जंत्रीशी जुळणारे बहुधा वीसेक आकार एकत्र जाहीर करतात. जेथे ते एकमेकांवर बसतात तेथील माहिती पक्की आणि जेथे ते फाकतात तेथे एक तर अंतरे कमी मिळालेली असतात किंवा तो भाग खरोखरच हलता असतो. आपली अनिश्चितता चित्रातच दाखविणारी ही पद्धत आम्हांस प्रामाणिक वाटली.

दुहेरी परिमाणाच्या या अंतरमोजणीचा पाया १९८० साली प्रसिद्ध झालेल्या एका शोधनिबंधाने घातला. त्याचे लेखक होते अनिल कुमार, रिचर्ड अर्न्स्ट आणि कुर्ट व्यूथ्रिख. अनिल कुमार हे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेचे. अर्न्स्ट यांना १९९१ चे आणि व्यूथ्रिख यांना २००२ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. त्याआधीच्या पायाभरणीतही भारतीय नाव आहेच. ॲमिनो आम्लांच्या साखळीला कोणते कोन शक्य आणि कोणते अशक्य हे दाखविणारा १९६३ चा रामचंद्रन आलेख मद्रासच्या गो. ना. रामचंद्रन व सहकाऱ्यांचा. आजही कोणतीही नवी रचना मान्य होण्यापूर्वी त्या आलेखावर तपासली जाते.

व्यूथ्रिख यांची एक हकीकत येथे सांगितलीच पाहिजे. १९८४ साली त्यांनी बैलाच्या शुक्रद्रवातील एका लहान प्रथिनाची रचना एनएमआरने मांडली, तेव्हा अनेकांचा विश्वास बसला नाही. तत्सम प्रथिनाची क्ष-किरणांनी मिळालेली रचना समोर ठेवून हे बेतले असावे, अशी शंका घेण्यात आली. तेव्हा ज्याची रचना कोणासही ठाऊक नव्हती असे टेंडामिस्टॅट हे ७४ ॲमिनो आम्लांचे प्रथिन घेण्यात आले. पिष्ट पचविणाऱ्या अल्फा-ॲमायलेझला रोखणारे हे प्रथिन. म्युनिकमध्ये रॉबर्ट ह्यूबर यांच्या गटाने क्ष-किरणांनी आणि झ्युरिकमध्ये व्यूथ्रिख यांच्या गटाने एनएमआरने, एकमेकांना न दाखविता, त्याची रचना काढली. दोन्ही जुळल्या. मग शंका संपली. शंका घेणाऱ्यांवर कोणी रागावल्याचे वाचनात आले नाही.

किती प्रथिने हाती लागतात?

मोठ्या प्रमाणावरील या कामाचे खरे स्वरूप टोरांटो गटाच्या आकड्यांवरून कळते. त्यांनी निवडलेला एक सूक्ष्मजीव सांडपाण्याच्या गाळातून मिळालेला, सुमारे ६५ अंश उष्णतेत रमणारा मिथेनजनक होता. आपल्या गोबरगॅसच्या टाकीतील मिथेनजनक त्याचेच दूरचे भाईबंद. उष्णतेत राहणाऱ्याची प्रथिने टणक असतात, हा निवडीमागील हिशेब. २००० साली त्यांनी अशा ४२४ प्रथिनांचा अनुभव प्रसिद्ध केला. जादा खटपट न करता रचनेच्या अभ्यासास योग्य निघाली ती सुमारे शेकडा २०. २००२ साली त्याच गटाने व सहकाऱ्यांनी निरनिराळ्या जीवांची ५०० हून अधिक लहान प्रथिने केवळ एनएमआरसाठी पारखली. प्रमाण पुन्हा सुमारे शेकडा २०, आणि त्या लेखात पूर्ण रचना दिल्या होत्या १२. पाचांपैकी चार प्रथिने पहिल्याच पायरीवर थांबली, हे त्यांनी लपविले नाही. उलट तो आकडाच त्या लेखाचा महत्त्वाचा निष्कर्ष होता. आपल्या नियतकालिकांत 'यश शेकडा ९५' असे निबंध वाचण्याची सवय झालेल्या आम्हांला हे जरा झोंबले.

२००५ सालचा हिशेब याहून उद्बोधक आहे. दोन्ही पद्धतींनी पारखलेल्या २६३ प्रथिनांपैकी ४३ केवळ एनएमआरने, ४३ केवळ क्ष-किरणांनी आणि फक्त २१ दोन्हींनी साध्य दिसली. एका कसोटीला उत्तम उतरलेले प्रथिन दुसऱ्या कसोटीला उतरेलच असे नव्हते. एकाच साधनावर विसंबले असते तर १०७ ऐवजी ६४ प्रथिनांवर समाधान मानावे लागले असते.

एनएमआरची मर्यादाही येथेच सांगावी. प्रथिन जसजसे मोठे तसतसे ते पाण्यात संथ फिरते आणि ठिपके पसरट होतात. साध्या पद्धती २०-२५ हजार डाल्टनपर्यंत नीट चालतात. १९९७ साली व्यूथ्रिख यांच्या गटाने आणलेल्या ट्रोझी पद्धतीने ही मर्यादा पुष्कळ वर नेली, तरी संपूर्ण रचना काढणे अवघडच राहिले. जगातील प्रथिनरचनांच्या सार्वजनिक संग्रहात, ज्यास प्रोटीन डेटा बँक म्हणतात, आज दोन लाखांहून अधिक रचना आहेत. त्यांत एनएमआरचा वाटा शेकडा सहा-सातच्या आसपास आहे. १९७१ मध्ये तो संग्रह ७ रचनांनी सुरू झाला होता.

महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत उच्च क्षेत्रीय एनएमआरची राष्ट्रीय सुविधा आहे. तेथे रा. वि. होसूर यांच्या गटाने २००१ साली एचएनएन नावाची पद्धत प्रसिद्ध केली. न दुमडलेल्या प्रथिनांत सगळे ठिपके एकमेकांत मिसळतात, तेव्हा साखळीत कोण कोणाच्या शेजारी हे ओळखण्यास ती उपयोगी पडते.

औषधाशी संबंध, आणि ते पत्रक

आता आपल्या व्यवसायाशी थेट निगडित भाग. प्रथिनाचे ठिपके एकदा ओळखलेले असले की त्या नळीत एखादा लहान रेणू घालून पुन्हा तेच चित्र घ्यावयाचे. रेणू प्रथिनास खरोखर चिकटला तर त्या जागेच्या आसपासचे मोजके ठिपके सरकतात, बाकीचे जागीच राहतात. कोठे चिकटला आणि, मात्रा वाढवीत गेल्यास, किती घट्ट चिकटला हेही कळते. १९९६ साली स्टीफन फेसिक यांच्या गटाने ॲबट कंपनीत या युक्तीने औषधशोधाची पद्धतच उभी केली. दोन दुबळे चिकटणारे तुकडे शोधायचे आणि त्यांना जोडून एक बळकट रेणू करायचा. त्याच मार्गावरील पुढच्या दीर्घ कामातून रक्ताच्या काही कर्करोगांवरील व्हेनेटोक्लॅक्स हे औषध आले आणि अमेरिकेत ते २०१६ साली मान्य झाले. तंत्र ते औषध हे अंतर वीस वर्षांचे, हे ध्यानी घ्यावे.

आमच्या टेबलावरील पत्रकाचे काय? आम्ही त्या संस्थेस लिहून आधार मागविला. आलेला शोधनिबंध पाहिला तर त्यात नळी नव्हती, प्रथिन नव्हते आणि द्रव्यही नव्हते. सारे काम संगणकावरील 'डॉकिंग'चे होते. संग्रहातून प्रथिनाची रचना उतरवून घ्यावयाची, वनस्पतीतील घटकाचा रेणू तिच्या खोबणीत संगणकाकडून बसवून पाहावयाचा आणि आलेला गुणांक छापावयाचा. ही पद्धत निरुपयोगी नाही. शेकडो रेणूंतून कोणते दहा आधी तपासावेत हे ठरविण्यास ती उपयोगी पडते. पण संगणकाला विचारले तर तो प्रत्येक रेणू कोठे ना कोठे बसवून दाखवितोच. तो बसला हे प्रत्यक्ष नव्हे, आणि अनुमान म्हणूनही दुबळेच. 'सिद्ध' हा शब्द तेथे कोणत्या आधारावर आला, याचे उत्तर आम्हांस मिळालेले नाही.

नळीतही फसगत होऊ शकते, हे हळदीवरून दिसते. कुर्कुमिन हा आपल्या द्रव्यांतील बहुधा सर्वाधिक अभ्यासलेला घटक. असंख्य प्रथिनांवर त्याचा परिणाम झाल्याचे निबंध आहेत. २०१७ साली मिनेसोटा विद्यापीठातील संशोधकांनी व सहकाऱ्यांनी जर्नल ऑफ मेडिसिनल केमिस्ट्रीमध्ये त्याचा परखड आढावा घेतला. हा रेणू द्रावणात पिंड करतो, स्वतः चकाकतो, अनेक प्रथिनांशी सरसकट प्रतिक्रिया करतो आणि म्हणून नाना चाचण्यांत खोटा होकार देतो, असे त्यांनी दाखविले. तो अस्थिरही आहे. शरीराच्या तपमानास, ७.२ सामूच्या साध्या द्रावणात, अर्ध्या तासात सुमारे शेकडा ९० कुर्कुमिनचे विघटन होते, हे १९९७ पासून ठाऊक आहे. एनएमआरमध्ये खरा संयोग आणि पिंडाची गडबड यांतील फरक बहुधा दिसतो, कारण खऱ्या संयोगात मोजके ठिपके सरकतात आणि पिंडात सगळेच पसरतात किंवा मावळतात. 'आम्ही हळद देतो, कुर्कुमिन नव्हे' असे आपण यावर म्हणू, आणि ते खरेही आहे. मात्र मग कुर्कुमिनच्या निबंधांचा आधार हळदीच्या पत्रकावर छापणेही सोडावे लागेल. दोन्हीकडून लाभ घेता येणार नाही.

संगणकाने रचना सांगितल्यावर

अमेरिकेतील प्रकल्प २०१५ साली बंद झाला. त्यातून सहा हजारांहून अधिक रचना मिळाल्या. इतका पैसा ओतून ज्यांचे कर्मच ठाऊक नाही अशा प्रथिनांच्या रचना का काढाव्यात, अशी टीका त्यावर सतत होत असे. आज मागे वळून पाहता ते काम वाया गेले असे आम्हांस वाटत नाही. २०२० मध्ये अल्फाफोल्ड या संगणकप्रणालीने केवळ क्रमावरून रचनांचे अचूक भाकीत करून दाखविले. २०२२ पर्यंत तिने २० कोटींहून अधिक प्रथिनांची भाकिते जाहीर केली आणि २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचा अर्धा वाटा तिच्या निर्मात्यांना, डेमिस हसाबिस व जॉन जंपर यांना, मिळाला. ही प्रणाली शिकली ती त्याच सार्वजनिक संग्रहातील, प्रयोगाने ठरविलेल्या रचनांवर.

तरीही एनएमआरचे काम उरले आहे. मानवी प्रथिनांचा मोठा हिस्सा कधीच एका आकारात स्थिर नसतो. कंपवाताशी निगडित अल्फा-सिन्युक्लिन हे त्यांपैकीच. त्यास ठरलेला आकार नाही, म्हणून त्याचा स्फटिक नाही आणि भाकीतही अर्थपूर्ण नाही. २०१६ साली जिवंत पेशींच्या आत एनएमआर करून ते तेथेही न दुमडलेलेच राहते, असे दाखविण्यात आले. कपिकच्छूतील एल-डोपा कंपवाताच्या रुग्णास उपयोगी पडतो हे आपण जाणतो. तो डोपामिनची उणीव भरतो, या प्रथिनाला हात लावीत नाही. 'कंपवाताच्या मुळावर घाव' अशा मजकुराचे पत्रक पुढे आले तर एवढे आठवावे.

फार्मसीमालकांस एक व्यावहारिक गोष्ट सुचवावीशी वाटते. प्रोटीन डेटा बँकेतील प्रत्येक रचनेस चार अक्षर-अंकांचा संकेतांक असतो आणि तो संग्रह सर्वांस विनामूल्य खुला आहे. उदाहरणार्थ, युबिक्विटिन या ७६ ॲमिनो आम्लांच्या प्रथिनाची क्ष-किरणांनी मिळालेली रचना '१यूबीक्यू' येथे आणि एनएमआरने मिळालेली '१डी३झेड' येथे सापडते. संकेतांक घालताच रचना कोणत्या पद्धतीने मिळाली, प्रथिन कोणत्या जीवाचे आणि खोबणीत कोणता रेणू प्रयोगात खरोखर सापडला, हे पहिल्याच पानावर दिसते. पत्रक छापण्यापूर्वी, किंवा कोणी आणून दिलेले पत्रक दुकानात ठेवण्यापूर्वी, एवढे पाहण्यास पाच मिनिटे लागतात. चित्राखाली संकेतांकच नसेल, तर तो मागावा. नंतर विचारावे की, त्या वनस्पतीतील घटक आणि ते प्रथिन एकाच नळीत कोणी कधी ठेवले होते काय.

आमच्या खणातील पत्रकावर संकेतांक नाही. शिक्षक महोदयांनी त्याची एक प्रत स्वतःजवळ ठेवली आहे. परवा भेटले तेव्हा त्यांनी ती खिशातून काढून आम्हांस विचारले, 'हे निळं-हिरवं नक्की कशाचं चित्र आहे, ते कळलं का?' या लेखाचा कच्चा खर्डा आम्ही प्रथम त्यांनाच वाचावयास दिला.